नागसेनाची अट

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाकडे जाताना नागसेनवन लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली शहरात सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय याच परिसरात आहे. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा बौद्ध भिक्खू. दोघांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. त्यातला रथाचा दृष्टान्त पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच्या पुढचा एक लहानसा प्रसंग मात्र सहसा कुणी सांगत नाही. आमच्या शहरातल्या प्रत्येक कारखान्याच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या केबिनमध्ये तो सांगितला जावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

राजा म्हणतो, आणखी चर्चा करू. नागसेन अट घालतो: पंडितासारखी करणार असाल तर करू, राजासारखी करणार असाल तर नको. फरक काय, असे राजा विचारतो. नागसेन सांगतो, पंडितांच्या चर्चेत मुद्दा खोडला जातो, चूक दाखवली जाते, ती कबूलही केली जाते आणि त्यावरून कुणी रागावत नाही. राजा मात्र आपले म्हणणे मांडतो आणि जो ते मोडेल त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद अट मान्य करतो. वर सांगतो, विहारातल्या सेवकाशी जितक्या मोकळेपणी बोलता तितक्याच मोकळेपणी माझ्याशी बोला, भिऊ नका.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांतल्या सकाळच्या मीटिंगला ही अट लावून पाहावी.

नेतृत्वावरच्या शिबिरांना आपल्याकडे तोटा नाही. नेता कसा असावा, त्याने कसे बोलावे, कसे उभे राहावे, सगळे शिकवतात. हाताखालची माणसे ओळखावी कशी, हे फारसे कुणी शिकवत नाही. रॉबर्ट केली या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त नेमका हा विषय काढला. त्याची कसोटी दोनच प्रश्नांची होती. माणूस स्वतःच्या डोक्याने विचार करतो का? आणि आपणहून पुढे होऊन काम करतो का? त्यातून पाच प्रकार निघाले. सांगितले तेवढेच करणारे, होला हो म्हणणारे, डोके चालते पण मन उडाले आहे असे, वारा पाहून पाठ फिरवणारे आणि विचार व उमेद दोन्ही असलेले. यातल्या चौघांना आपल्या कंपन्यांत नावे केव्हाच पडली आहेत: पाट्या टाकणारा, साहेबांचा माणूस, कुरकुऱ्या, कुंपणावरचा. पाचव्याला वेगळे नाव नाही. फार तर ‘कामाचा माणूस’ म्हणतात, पण ते त्याच्या हातांकडे पाहून. त्याच्या प्रश्नांचे कौतुक त्यात नसते.

काही वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये आमचे काही दिवस जाणे-येणे होते. तिथे एका प्रेसवर एक जुने ऑपरेटर होते. वीस वर्षे तेच काम. सगळे त्यांना मामा म्हणत. डाय, म्हणजे साचा, खाली आली की एक ठरावीक ठोका पडतो. कानात बोळे असले तरी पायाखालच्या हादऱ्यातून तो कळतो, असे ते सांगत. एके दिवशी पहिल्या पाळीत त्यांनी मशीन थांबवले आणि सुपरवायझरला बोलावले. “साहेब, ठोका बदललाय. डाय उतरवून बघा एकदा.” गाडी लागलेली, डिस्पॅचची घाई. सुपरवायझर मामांच्या निम्म्या वयाचा, स्वभावाने वाईट मुळीच नव्हता. तो म्हणाला, “मामा, तुम्हाला चालवायला ठेवलंय. चालवा.” शेजारचे दोघे हसले. मामांनी दोन्ही हात दोन बटणांवर ठेवले आणि प्रेस चालू केली.

दुसऱ्या दिवशी डायला तडा गेला. टूलरूमने दुरुस्तीला चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत मामांना कुणी एका शब्दाने विचारले नाही. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्यांच्या नावापुढे ‘पुढाकार कमी’ असा शेरा पडला. शेरा खोटा नव्हता. तोवर मामांनी ठोक्याबद्दल बोलणे सोडून दिले होते.

अशा माणसांचे मन कधीतरी, कशामुळे तरी उडालेले असते, हे केलीनेही ओळखले होते. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. हे प्रकार माणसाच्या कपाळावर लिहिलेले नसतात, बहुतेक वेळा ते केबिनमध्ये घडतात. याच मामांना आम्ही त्यांच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात पाहिले आहे. काल्याच्या दिवशी हजार माणसांची पंगत, पाणी कुठून येणार, वाढपी किती लागणार, आधी बायाबापड्या बसणार की भजनी मंडळ, सगळे मामांच्या जिभेवर. तिथे सरपंचही त्यांना विचारून पाऊल टाकत होते. तोच माणूस, तेच डोके. कंपनीत त्याचे काय झाले, याचे उत्तर कंपनीने दिले पाहिजे.

साहेबांच्या माणसाचे उलटे असते. तो लगेच मान डोलावतो, मीटिंग लवकर संपते, साहेबांना बरे वाटते. त्याला ‘निष्ठावान’ म्हणून बढतीही मिळते. अशा कौतुकाची किंमत जगाने मोजली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच फुटले आणि सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री, यानाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतले अभियंते रॉजर बोजोली आणि त्यांचे सहकारी कळवळून सांगत होते की इतक्या थंडीत सांध्यातली रबरी कडी दगा देईल, उड्डाण नको. कंपनीने आधी त्यांचे ऐकले. नासाने नाराजी दाखवताच वरिष्ठांनी आपसांत विचार केला आणि होकार दिला. त्या होकारात अभियंत्यांना मत उरले नव्हते. पुढे चौकशीत खरे सांगणाऱ्या बोजोलींना त्यांच्याच माणसांनी दूर लोटले. म्हणजे अपघातानंतरही चर्चा राजासारखीच चालू राहिली.

कंत्राटी मुलांबद्दल वेगळे बोलायला हवे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्या काळात जे कायम झाले त्यांच्या पाठीशी नोकरीची शाश्वती होती, युनियन होती. आज अनेक ठिकाणी लाईनवर बीड, जालना, परभणीकडून आलेली कंत्राटी नाहीतर ट्रेनी मुले उभी असतात. बजाजनगरला किंवा रांजणगावला एका खोलीत चार-पाच जण राहतात. ज्याचा गेटपास उद्या बंद होऊ शकतो, त्याने सुरक्षेचा सेन्सर चालत नाही हे पाहिले तरी तो बोलणार कसा? त्याला कुंपणावरचा म्हणणे हा अन्याय आहे. कुंपण त्याने घातलेले नाही. सूचनापेटी भिंतीला लावून आणि कायझेनचा फलक रंगवून ही भीती जात नाही. बोलणाऱ्याचा गेटपास शाबूत राहिला, हे बाकीच्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावे लागते.

बाबासाहेबांनी मराठवाड्यातल्या गरिबांच्या, दलितांच्या मुलांसाठी उभारलेल्या महाविद्यालयाला जे नाव आहे, ते प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तर पटल्यावर मान्य करणाऱ्या राजाचे आहे. याच परिसरात शिकलेल्या पिढीने पुढे साऱ्या मराठी साहित्याला प्रश्न विचारले. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक याच शहरातून चालवले. विचारायची मुभा मिळाली की खालमानेने बसलेली माणसे किती बोलू लागतात, याचा पुरावा या शहराला बाहेरून आणावा लागत नाही.

मार्चअखेर मूल्यमापनाचे फॉर्म भरायचे असतात. एखाद्याच्या नावापुढे ‘पुढाकार कमी’ असे लिहिण्याआधी, साहेब, पेन खाली ठेवा. त्या माणसाच्या मशीनपाशी, टेबलापाशी स्वतः जा आणि विचारा, “तुम्ही शेवटचं आम्हाला काय सांगितलं होतं, आणि आम्ही त्याचं काय केलं?” तो सांगू लागला की मध्ये बोलू नका.