साखरेचा ताळेबंद

‘शाश्वत विकास’ हा शब्द आता साखर कारखान्यांच्या व्यासपीठांवरही रुळला आहे. शब्दाला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच की, एकाच संस्थेत अनेक मूल्ये परस्परांशी झुंजत असताना त्यांतील कोणते विजयी होते, आणि कोणाच्या बळावर?

दोन निर्णय पाहा. २०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सिंचन टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे ठरविले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास वाव दिला. इथेनॉलला सरकारने ठरविलेला भाव, खात्रीचा ग्राहक आणि कर्जावर व्याजसवलत मिळाली; आसवन्या भराभर उभ्या राहिल्या. ठिबकची सक्ती मात्र बव्हंशी कागदावरच राहिली. ठिबकचा खर्च शेतकऱ्याच्या माथी, वाचलेले पाणी तिसऱ्याच्या वाट्याला, आणि कारखान्याला हवे पूर्ण क्षमतेचे गाळप! शिवाय ऊस उत्पादकांच्या मतांवर निवडून येणारे संचालक मंडळ त्यांच्यावर निर्बंध घालील, ही अपेक्षाच भाबडी होय. हमखास भावाचे दुसरे पीक नसलेल्या शेतकऱ्याला दोष देऊनही भागणार नाही. तात्पर्य, नफ्याशी जुळणारे मूल्य तत्काळ स्वीकारले जाते. नफ्याला वेसण घालणारे लांबणीवर पडते.

बीड जिल्हा याची किंमत दुहेरी मोजतो. केज तालुक्यातील धनेगावचा मांजरा प्रकल्प आटला तेव्हा, २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर याच जिल्ह्यातील लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात. २०१९ मध्ये नेमलेल्या शासकीय समितीने जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ही स्त्री कारखान्याची सभासद नाही. मुकादम मध्ये उभा असल्याने कागदोपत्री त्याची कामगारही नाही. ‘एक सभासद, एक मत’ या सहकाराच्या थोर तत्त्वात तिला जागाच नाही.

आमच्या सभासद कार्यकर्त्यांनी म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन प्रश्न विचारावेत. ठिबकखाली किती ऊस आहे? टनामागे किती पाणी लागले? तोडणी कामगारांची नोंद, निवारा, शौचालय व औषधोपचार कोणाच्या खर्चाने झाले? उत्तरे ताळेबंदाबरोबर छापण्याचा ठरावही मांडावा. संस्था उपदेशाने बदलत नाहीत. त्यांच्यातील सत्तेचा तोल बदलला म्हणजे बदलतात.