एका पाणबुडीच्या दोन फेऱ्या

गेल्या रविवारी सकाळी कोलशेतच्या खाडीकाठी फिरायला गेलो होतो. सोबत शेजारचा नववीतला मुलगा होता. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता. मुलाने विचारले, "काका, या खाडीत पाणबुडी येईल का?" मी हसलो. म्हटले, अरे, इथे रेतीच्या होड्या रुतायच्या, पाणबुडी कुठली येते! तर तो म्हणतो, "पण विमान घेऊन फिरणाऱ्या पाणबुड्या होत्या ना?" मुलाने कुठेतरी वाचले होते आणि ते खरे होते. वाटेत त्याला जे सांगितले, तेच वाचक बंधू-भगिनींसाठी थोडे विस्ताराने लिहितो.

त्या काळची पाणबुडी सदासर्वदा पाण्याखाली राहणारी नव्हती. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले, आणि बॅटरी भरायला वर येऊन डिझेल इंजिन सुरू करावे लागे. म्हणजे तिचा बराचसा प्रवास जहाजासारखा वरूनच होई. टॉर्पेडो महाग आणि मोजके; तोफगोळे स्वस्त आणि पुष्कळ. मग पाणबुडीवरच मोठी तोफ बसवली तर? या विचारातून पहिल्या महायुद्धात जर्मनीने लांब पल्ल्याच्या, तोफांच्या पाणबुड्या काढल्या. इंग्रजांनी १९२५ साली चार तोफांची 'एक्स-१' आणली. ती सतत बिघडे, शेवटी १९३६ मध्ये भंगारात गेली. फ्रान्सची 'सुरकूफ' तर २०३ मिलिमीटरच्या दोन तोफा आणि एक विमान घेऊन फिरे. फेब्रुवारी १९४२ मध्ये ती कॅरिबियन समुद्रात सुमारे १३० माणसांसह नाहीशी झाली. हे वेड इतके वाढले होते की १९३० च्या लंडन करारात पाणबुडीच्या वजनालाही मर्यादा घालावी लागली.

जपानने मात्र हे वेड शेवटपर्यंत सोडले नाही. त्यांच्या 'आय-२९' या पाणबुडीची हकीकत आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. लांबी १०८ मीटर, म्हणजे लोकलचे पाच डबे एकामागे एक लावा. सहा टॉर्पेडो नळ्या, सतरा टॉर्पेडो, १४० मिलिमीटरची तोफ, घडी करून ठेवलेले एक छोटे समुद्री विमान आणि शंभराच्या आसपास माणसे. एकदा तेल भरले की २५ हजार किलोमीटर जाण्याची ताकद.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबई बंदरातून 'तिलावा' नावाची आगबोट सुटली. मोंबासा, लोरेंसो मार्किस (आजचे मापुटो) आणि डर्बन अशी तिची वाट. बोटीवर ९५८ माणसे. ७३२ उतारू, २२२ खलाशी आणि चार तोफची. उतारूंमध्ये आफ्रिकेत पोटापाण्याला निघालेली, बायकामुलांसह जाणारी माणसे पुष्कळ. शिवाय सुमारे ६० टन चांदीही होती, दक्षिण आफ्रिकेत नाणी पाडण्यासाठी नेलेली.

तिसऱ्या रात्री, म्हणजे २३ तारखेच्या पहाटे, सेशेल्स बेटांच्या ईशान्येस सुमारे ९३० मैलांवर 'आय-२९' चा टॉर्पेडो बसला. अंधारात होड्यांसाठी एकच धावपळ झाली आणि त्या चेंगराचेंगरीतच अनेक जण बुडाले. पण बोट लगेच बुडेना. तेव्हा होड्यांतील काही माणसे परत बोटीवर चढू लागली. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो बसला. २८० माणसे गेली, त्यांत २५२ उतारू. उरलेली दोन दिवस होड्यांत आणि तराफ्यांवर तगली. २५ तारखेला 'बर्मिंगहॅम' या इंग्रजी युद्धनौकेने त्यांना उचलले आणि २७ तारखेला पुन्हा मुंबईतच आणून सोडले. ज्या धक्क्यावर निरोप घेतला, त्याच गावात उतरणे. घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

आता पुढचे ऐका. याच पाणबुडीने, याच कमांडर इझु यांच्या हाताखाली, पाच महिन्यांनी दुसरी एक फेरी केली. नेताजी सुभाषचंद्र बोस फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीहून 'यू-१८०' या पाणबुडीने निघाले होते. मादागास्करच्या आसपास खवळलेल्या समुद्रात दोन पाणबुड्यांची भेट झाली. २८ एप्रिल रोजी नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन रबरी तराफ्यावरून 'आय-२९' वर आले. मे महिन्यात ते सुमात्राजवळच्या साबांग बेटावर उतरले. पाणबुडीवरच्या जपानी नौसैनिकांसोबत बसलेल्या नेताजींचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

त्या छायाचित्रातील पाणबुडी 'तिलावा' बुडवणारी होती, हे मला स्वतःला फार उशिरा कळले. कळल्यावर छायाचित्र वेगळे दिसू लागले. नेताजींचा मान त्याने कमी होतो असे मला वाटत नाही. पण त्या शंभर जणांनी त्याच टॉर्पेडो नळ्यांतून काय केले होते, हेही सोबत सांगायला हवे. आम्हाला शाळेत कोणी ते सांगितले नाही.

'आय-२९' चा शेवट २६ जुलै १९४४ रोजी झाला. जर्मनीच्या नव्या विमानांचे आराखडे घेऊन ती परतत होती. अमेरिकनांनी जपानी गुप्त संदेश फोडल्यामुळे तिची वाट त्यांना आधीच ठाऊक होती. फिलिपाइन्सजवळ 'सॉफिश' या अमेरिकी पाणबुडीने तिला बुडवले. एक माणूस वाचला. एवढे मोठे धूड लवकर बुडी मारू शकत नाही, आणि रडार आल्यावर पृष्ठभागावर लपणेही जमेना. तोफवाल्या पाणबुड्यांचा जमाना तिथेच संपला. माझगाव डॉकने बांधलेली, २०१७ साली नौदलात आलेली 'कलवरी' सुमारे ६७ मीटरचीच आहे. तिच्यावर तोफ नाही, पण तिची मारक शक्ती त्या १०८ मीटरवालीपेक्षा किती तरी अधिक. असो.

चांदीचे काय झाले, हे मुलाने विचारलेच. २०१७ साली एका कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रातून २,३६४ लगडी वर काढल्या. काढणाऱ्याला बक्षिसी द्यायची की नाही, यावर वाद लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ८ मे २०२४ रोजी निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. एकेक लगड मोजली गेली.

आणि माणसे? दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हिंदी खलाशांच्या नावांचे एक पुस्तक मुंबईतच, मस्जिद बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहात ठेवलेले आहे. सहा हजारांवर नावे आहेत त्यात. उतारूंसाठी तसे पुस्तक नाही. बोट बुडाल्याला ऐंशी वर्षे झाली तेव्हा, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, वाचलेल्यांची आणि बुडालेल्यांची कुटुंबे बॅलार्ड इस्टेटमध्ये प्रथमच एकत्र जमली. आजोबा कोणत्या बोटीने गेले हे काहींना तोवर नीट माहीतही नव्हते.