बिळासकट बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण म्हणतो. बिळात राहणाऱ्या टॅरँटुला कोळ्याचे बिऱ्हाड मात्र जमिनीत असते, आणि त्याला नव्या पेटीत हलवताना होणारे बहुतेक घोटाळे हा फरक विसरल्याने होतात. हौसेने कोळी सांभाळणारे, शाळांतून जिवंत नमुने दाखवणारे निसर्गशिक्षक आणि सापाबरोबर कोळ्याचाही फोन घेणारे सर्पमित्र, अशा आमच्या बहुतेक वाचकांच्या हातात एकच पद्धत रुळलेली आहे. माती उकरायची, ब्रशने डिवचून कोळ्याला उघड्यावर आणायचे, वरून डबा पालथा घालायचा आणि खालून पुठ्ठा सरकवायचा. भिंतीवर बसलेल्या कोळ्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. बीळ करून राहणाऱ्याला ती लावणे म्हणजे आधी त्याचे घर पाडायचे आणि मग तो चिडका निघाला म्हणून बोंब मारायची. आमचे म्हणणे सरळ आहे: अशा कोळ्याला शक्यतो बाहेर काढूच नये, बिळासकट हलवावे, आणि तेही क्वचित.

सह्याद्रीतल्या किलोब्रॅकिस फिंब्रिएटसचेच उदाहरण घ्या. पोकॉकने १८९९ मध्ये नाव दिलेला हा जांभळट झाक असलेला कोळी आज परदेशी हौशींकडेही सर्रास आढळतो, आणि तिथेही त्याची ख्याती ‘तापट’ अशीच आहे. पण त्याच्या तापटपणाला एक क्रम आहे. अमेरिका खंडातले बरेच टॅरँटुला पोटावरचे खाजरे केस पायांनी उडवून शत्रूला पिटाळतात. आपल्याकडच्या जातींना हे अस्त्रच मिळालेले नाही. त्यामुळे पहिला उपाय पळून बिळात शिरणे. ते जमले नाही तर पुढचे पाय उचलून विषदंत दाखवणे. तरीही समोरचा हटला नाही तर तोंडाजवळचे अवयव एकमेकांवर घासून फिस्कारल्यासारखा आवाज काढणे. आसामातल्या एका किलोब्रॅकिसला वुड-मेसनने १८७७ मध्ये या आवाजावरूनच ‘स्ट्रिड्युलन्स’ असे नाव दिले. चावा येतो तो सगळ्यात शेवटी. बीळ उकरले की पहिला उपाय आपण स्वतःच रद्द करतो आणि उरलेल्या उपायांना त्याचा स्वभाव समजून बसतो.

शरीररचनाही हेच सांगते. आठ डोळे असूनही त्याची नजर यथातथाच असते. त्याचे जग पायांवरच्या सूक्ष्म केसांना जाणवणाऱ्या हवेच्या हालचालीवर आणि जमिनीतल्या कंपांवर चालते. म्हणून ‘नीट पाहावे’ म्हणून तोंड जवळ नेणाऱ्याचा श्वास हाच त्याला हल्ला वाटतो. पाय लांब करताना त्याला स्नायूंबरोबर शरीरातल्या द्रवाचा दाब लागतो, आणि तो द्रव धरून ठेवणाऱ्या पोटाची कातडी पातळ असते. टेबलाच्या उंचीवरून पडून पोट फाटले तर तो बहुधा वाचत नाही. माणसाच्या बाजूने पाहिले तर टॅरँटुलाच्या दंशाने कुणी दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही; पण आपल्याच देशातल्या पोइसिलोथेरिया प्रजातीच्या दंशानंतर काही दिवस स्नायूंत गोळे येत राहिल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. दवाखान्यात गेल्यावर ‘कोळी चावला’ हे स्पष्ट सांगावे, कारण तिथली प्रतिसर्पविषाची लस चार सापांसाठी बनवलेली असते, याला तिचा उपयोग नाही.

मग हलवायचे कसे? नाशिककराच्या घरात द्राक्षांचे पारदर्शक पनेट हमखास सापडते, आणि लहान कोळी अनेकदा त्यातच, भोके बंद करून, वाढवलेला असतो. तो मोठा झाला की माती उपसायला जाऊ नये. मोठ्या पेटीत कोकोपीट आणि माती दाबून भरावी, खोली कोळ्याच्या पाय पसरलेल्या लांबीच्या किमान दुप्पट-तिप्पट. वर झाकणापर्यंतची पोकळी मात्र कमीच ठेवावी. मातीत खड्डा करून पनेट झाकणासकट काठापर्यंत पुरावे, मग लांब चिमट्याने त्याचे झाकण उघडून लगेच मोठ्या पेटीचे झाकण लावावे. या सगळ्या हलवाहलवीत कोळी फक्त आणखी खोल जातो, आणि तेच आपल्याला हवे असते. पुढे कधीतरी रात्री तो काठावर येईल, नव्या मातीत पाय टाकेल, रेशमाचा पडदा पसरेल, जुने बीळ नव्याला जोडेल. माती द्राक्षबागेतली मात्र कधीही घेऊ नये. फवारणीची औषधे किडीसाठीच असतात, आणि त्या औषधांपुढे किडा काय, कोळी काय.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वच्छतेचा: जुन्या मातीबरोबर बुरशी आणि माइट्सही नव्या पेटीत येतात. आक्षेप खरा आहे. माती सडली असेल, पेटीची काच तडकली असेल किंवा प्राणी जखमी वाटत असेल, तर त्याला बाहेर काढावेच लागते. तेव्हाही उकरण्याआधी बिळाच्या तोंडावर रुंद नळी बसवावी, तिचे दुसरे टोक काळ्या कागदाने गुंडाळून बंद करावे आणि मागच्या बाजूने माती हळूहळू कमी करत जावे. पळणाऱ्या कोळ्याला अंधार दिसला की तो आपण होऊन तिकडे वळतो. डब्या-पुठ्ठ्याची पाळी त्यानंतरच. दुसरा आक्षेप वेळेचा. नळी लावून अर्धा तास बसायला कुणाला सवड आहे, असे विचारणाऱ्याने घाईत निसटलेला कोळी कपाटामागून शोधायला किती वेळ लागतो तेही हिशेबात धरावे.

तिसरी सूचना फ्रिजची, म्हणजे गारठवून मंद करायचे आणि मग उचलायचे. थंडीने कोळी मंदावतो हे खरे, पण ही भूल नव्हे. हाताची आणि दिव्याची ऊब लागताच वेग परत येतो, आणि तो नेमका आपली बोटे जवळ असताना. निफाडच्या कुंदेवाडीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो अशा जानेवारीच्या पहाटे ‘कोळी आज शांत आहे’ असे समजणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. परदेशी हौशी बाथटबमध्ये बसून हे काम करायला सांगतात. त्यांच्या जागी ते सोयीचे असेल, पण हा कोळी गुळगुळीत काचेवरही चढतो, आणि आपल्या मोरीला जाळीचे भोक असते. मोरीतच करायचे झाले तर आधी त्या भोकात कापडाचा बोळा ठासावा, दाराखालची फट टॉवेलने बुजवावी आणि जमिनीवर बसून काम करावे.

कुणी म्हणेल, मुळात पाळावाच कशाला? रानातून उचललेल्या कोळ्यापुरता हा प्रश्न रास्तच आहे. पावसाळ्यात घरात शिरलेला कोळी बहुधा मादीच्या शोधात फिरणारा वयात आलेला नर असतो; त्याला पेटीची गरज नाही, जवळच्या बांधावर सोडले की पुरे. पोइसिलोथेरिया २०१९ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर साइट्सच्या सूचीतले प्राणी सांभाळणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी आली आहे. पेटी बदलण्याआधी कागद तपासावेत.

वेळ निवडताना एवढे पाहावे: कोळ्याने खाणे सोडले असेल आणि बिळाचे तोंड आतून रेशमाने बंद केले असेल, तर तो बहुधा कात टाकण्याच्या बेतात आहे; पेटी महिनाभर तशीच राहू द्यावी. कात टाकल्यावर विषदंत पांढुरके आणि मऊ असतात, ते काळे पडेपर्यंत खाणेही देऊ नये. हलवल्यानंतर पाण्याची वाटी ठेवावी, झाकणाची कडी दोनदा तपासावी आणि झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख लिहावी. पुढचे काही आठवडे बिळाच्या तोंडाशी फक्त एक-दोन पाय दिसतील.