घरच्या शाळेची घंटा कोणी वाजवायची?

जून-जुलै आला की आमच्या नाचणगावात दवाखान्यात एक वेगळीच गर्दी होते. ही मुले आजारी नसतात. कॉलेजच्या प्रवेशासाठी त्यांना फिटनेस सर्टिफिकेट हवे असते. अलीकडे त्यांत एक नवा विद्यार्थी दिसू लागला आहे. त्याची अकरावी-बारावी वर्गात झालेलीच नाही. सगळा अभ्यास घरी, मोबाइलवर!

मध्यंतरी अशीच एक मुलगी वडिलांबरोबर आली. सर्टिफिकेट लिहिण्याआधी मी तिचे डोळे तपासले. तक्त्यावरच्या खालच्या चार ओळी तिला वाचता आल्या नाहीत. रात्री दोनपर्यंत अभ्यास आणि सकाळी अकराला उठणे, असा दोन वर्षांचा क्रम. घरच्या चाचण्यांत उत्तम गुण, पण खऱ्या परीक्षेत शेवटच्या तासाला डोके ठणकू लागले. वडील म्हणाले, "वर्गात असती तर फळा दिसत नाही, हे मास्तरांच्याच ध्यानात आलं असतं. आम्हाला कसं कळावं डॉक्टरसाहेब?"

त्यांचे म्हणणे खरे आहे. शाळा नुसती शिकवत नाही. ती वेळेवर उठवते, चालायला लावते, उन्हात खेळवते. आपण अभ्यास घरी आणला, पण घंटा शाळेतच राहिली.

ऑनलाइन शिक्षणाला नावे ठेवणारा मी नाही. मुलांना नागपूर किंवा कोट्याला ठेवणे किती घरांना परवडते? घरी शिकण्याची रीतसर सोयही जुनीच आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ साली सुरू झाले. आज ते एनआयओएस या नावाने ओळखले जाते. मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांच्या विद्यार्थ्यांना नीट देता येते, हे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयातही स्पष्ट झाले.

माझा विरोध आहे तो खोट्या हजेरीला. नाव एका कॉलेजात घालायचे आणि दोन वर्षे तिकडे फिरकायचे नाही, हा प्रकार धोक्याचा आहे. नियमित कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते. शिवाय परीक्षानळी हातात न धरलेला मुलगा उद्या रुग्णाचे रक्त कसे तपासणार? घरीच शिकायचे तर उघडपणे मुक्त विद्यालयात नाव नोंदवावे आणि तिथली प्रात्यक्षिके चुकवू नयेत. जात वैधता, अधिवास यांसारख्या दाखल्यांचे अर्जही निकालाची वाट न पाहता वेळेत करावेत. ऐन प्रवेशाच्या वेळी होणारी धावपळ मुलांची झोप उडवते.

आता शरीराच्या तयारीविषयी. ४ मे २०२५ रोजी नीट दुपारी दोन ते पाच या वेळेत झाली. १८० मिनिटांत १८० प्रश्न, आणि उत्तरे पेनने कागदावर. विदर्भातला मे महिना कसा असतो, हे वाचकांना सांगायला नको. रात्री जागून दुपारी पेंगणाऱ्या मुलाचा तिथे निभाव कसा लागावा? म्हणून परीक्षेपूर्वी दोन महिने तरी सराव त्याच वेळेत, टेबल-खुर्चीवर बसून, कागदावर करावा. किमान आठ तास झोप हवीच. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. शक्य असेल तर मोबाइलऐवजी मोठा पडदा वापरावा. दिवसाउजेडी बाहेर फिरावे, खेळावे. त्याने लहान वयात चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. डोळे वर्षातून एकदा तपासून घ्यावेत.

पालकहो, यातल्या एकाही गोष्टीला कोचिंगची फी लागत नाही. रात्री दहाला मोबाइल आईच्या उशाशी आणि सकाळी सहाला मुलगा अंगणात, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

त्या मुलीला आता चष्मा आहे. यंदा तिची पुन्हा तयारी सुरू झाली आहे, आणि सकाळची घंटा वडील वाजवतात.