जुन्या गावठाणावर मशीन फिरू देऊ नका



रावेर, यावल, चोपड्यापासून शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या जंगलात उजाड गावठाणं जागोजाग आहेत. तलाठ्याच्या भाषेत ‘बेचिराख गाव’. 1803-04 च्या दुष्काळात आणि लुटालुटीत खानदेशातली कितीतरी गावं उठली. 1818 मध्ये इंग्रज आले तेव्हा मुलूख निम्मा ओसाडच होता. पुढे कुणी पटकीच्या साथीत वस्ती हलवली, कुणाला राखीव जंगलाच्या नावाखाली उठवलं. आता तिथं घर नाही. जुने मोह, आंबे, बुजलेला झिरा, चुलीचे दगड आणि पांढरी माती, एवढंच उरलंय.

अशा जागी आता धातू शोधायची मशीन घेऊन माणसं फिरतात. हातात दांडा, दांड्याला ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. गावातली दोन पोरं रोजाने लावायची, मशीन वाजलं की खणायचं, आणि संध्याकाळी मोटरसायकलवर बसून निघून जायचं. लोकांना सांगतात, इथं धन आहे. खाज्या नाईकाने 1857 च्या बंडात इंग्रजांचा खजिना लुटला होता, तो इथंच कुठंतरी पुरलाय म्हणे!

आमचं म्हणणं सरळ आहे. त्या पांढरीत आपल्या वनहक्काचा पुरावा आहे. तो खणून नेऊ देऊ नका.

वनहक्क कायदा 2006 चा. त्याचे नियम 2008 चे. नियम 13 नीट वाचा, नाहीतर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. पुरावा म्हणजे फक्त कागद नाही, असं त्यात लिहिलंय. घर, झोपडी, बांध चालतात. विहीर, दफनभूमी, देवाची जागा चालते. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो. आणि सामूहिक हक्कासाठी तर गावाने बांधलेल्या बांधकामाचे अवशेषसुद्धा चालतात. अवशेष म्हणजे हेच, पडक्या घराचे जोते, उखळ, पाळीचे दगड. वैयक्तिक दाव्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. पण सामूहिक जंगलाची हद्द सांगताना, किंवा जुन्या वस्तीला महसुली गाव करून मागताना, आपले आजे-पणजे कुठपर्यंत राहत होते हे दाखवावं लागतं. तेव्हा कामाला येते ती ही पांढर.

मशीन काय करतं तेही समजून घ्या. चकतीतून विजेची लहर जमिनीत जाते, धातूला लागली की परत येते, मशीन वाजतं. नाण्याएवढी वस्तू असली तर हातभर खोलसुद्धा नीट कळत नाही. वाजतं ते बहुतेक वेळा फाळाच्या तुकड्याला, विळ्याला, खिळ्याला. आपलं जातं, पाटा, मडक्याची खापरं, चुलीची राख, पूर्वजांच्या नावाने उभा केलेला दगड हे मशीनला कळतच नाही. म्हणून खणणारा ते उलथून बाजूला फेकतो. एका खिळ्यापायी चूल मोडते.

समजा, राणीछाप रुपया सापडला. सोनाराकडे नेला तर तो तोळाभर चांदीच्या भावात जाईल. पण त्याच्यावर सन छापलेला असतो. जोत्याच्या आत, चुलीशेजारी, गावासमोर पंचनामा करून तो नोंदवला, तर त्याच जागी त्या काळानंतर माणसं राहत होती असं म्हणायला एक आधार मिळतो. खिशात गेलेला रुपया काहीच सांगत नाही.

हे फक्त आपल्यापुरतं नाही. 1974 मध्ये नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका भिल्ल माणसाला झाडाच्या बुडाशी खणताना काशाच्या चार मोठ्या मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. सगळं मिळून साठ किलोच्या वर वजन. पण त्या कुठल्या थरातून निघाल्या हे कुणी पाहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्या काळावर तज्ज्ञ अजून भांडतात. एवढ्या मोठ्या वस्तूंची ही गत, तर आपल्या जोत्याची काय होईल?

काही भाऊ म्हणतात, पोटाला नाही, चार पैसे मिळाले तर काय बिघडलं? भूक खरी आहे, आम्ही नाकारत नाही. पण हिशेब मांडा. पोराला मिळतो एक दिवसाचा रोज. वस्तू बाहेरचा नेतो. केस मात्र पोरावर होते. राखीव जंगलात खणणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा. यावल अभयारण्यात असेल तर वन्यजीव कायदा वेगळा. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, लपवलं तर कैद. आणि धनासाठी कुणी भगत आणून अघोरी प्रकार केला, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा. अतिक्रमणाच्या केसेस आधीच काय कमी आहेत?

काही गावांत आपलेच लोक पांढरीची माती गाडीने शेतात टाकतात. पीक चांगलं येतं, खरंय. पण माती उचलली की जोतं जातं. निदान दाव्याचं काम होईपर्यंत थांबा.

प्रत्येक ग्रामसभेने एवढं करावं:

1. ठराव करा की जुन्या गावठाणावर कुणी मशीन फिरवणार नाही, खणणार नाही. कायद्याच्या कलम 5 ने आपला सांस्कृतिक वारसा राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय.

2. म्हाताऱ्या बायामाणसांना घेऊन जागेवर जा. कुणाचं घर कुठं होतं, पाणी कुठून भरत, वाघदेव कुठं, माती कुठं देत, हे तिथंच उभं राहून विचारा आणि लिहून घ्या. अंगठे, सह्या घ्या.

3. मोबाईलने फोटो काढा. वस्तू हलवू नका. शेजारी काठी ठेवा म्हणजे माप कळेल.

4. वनहक्क समितीच्या पाहणीत ही जागा नकाशावर घ्या. नुसत्या एका पुराव्यावर राहू नका, नियमाला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात.

वनखात्यालाही आम्ही सांगतो. गाव खबर देतं तेव्हा मशीनवाल्याला पकडा, रोजावर गेलेल्या पोराला नाही.

म्हातारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. ती जागा दाखवू शकतात तोवर जाऊन या. पावसाळ्यात गवत वाढलं की जोतं दिसत नाही. म्हणून या उन्हाळ्यातच.