नांगऱ्याला गोष्ट कां नाहीं?

इंग्रज कवि चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’विषयीं विद्वान मंडळी नेहमीं सांगतात कीं, या कवीला कोणाचाच राग नव्हता; तो सर्वांकडे पाहून नुसता हंसला. आम्हां खेड्यांतल्या मास्तरांना हें मत साफ नामंजूर आहे!

वाचकहो, चौदाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या त्या प्रस्तावनेंतले यात्रेकरूच पाहा. लंडनजवळच्या साउथवर्कच्या टॅबर्ड सराईंतून हा मेळा संत टॉमस बेकेटच्या समाधीला निघाला आहे. त्यांतल्या मठवाशाला पोथीचा कंटाळा आणि शिकारीचा नाद. भिक्षा मागणाऱ्या फ्रायरची ओळख महारोग्यांपेक्षां सराईवाल्यांशीं अधिक. जो पैसे देईल त्याला प्रायश्चित्त हलकें! पापमुक्तीचे कागद विकणारा पार्डनर उशीचा अभ्रा मेरीमातेचा बुरखा म्हणून दाखवतो, जवळ डुकराचीं हाडें बाळगतो आणि गरीब पाद्र्याला दोन महिन्यांत मिळत नाहीं तें एका दिवसांत उपटतो. भोळ्या रयतेची ही लूट कवीनें नांवनिशीवार मांडली आहे. हा विनोद कीं फिर्याद?

उलट गांवचा गरीब पाद्री पावसापाण्यांत काठी टेकीत घरोघर जातो. दशमांश थकला म्हणून कोणाला शाप देत नाहीं. त्याचा भाऊ नांगऱ्या. हा शेण वाहतो, मळणी करतो, चर खणतो आणि गरिबाचें काम फुकट करून देतो.

पण आमचा खुद्द कवीशींहि एक तंटा आहे. मठवासी, फ्रायर, पार्डनर सगळे गोष्ट सांगतात. दारू प्यालेला गिरणीवालाहि हट्टानें सांगतो. नांगऱ्याला मात्र गोष्ट नाहीं! कोणी म्हणेल, ग्रंथ अपुरा राहिला, आणखीहि कांहींजण मुकेच आहेत. कबूल. परंतु १३८१ सालीं शेतकऱ्यांचें बंड लंडनांत शिरलें, तेव्हां शहराच्या ऑल्डगेट वेशीवरचें घर चॉसरकडेच होतें. नांगऱ्या बोलूं लागला तर काय बोलेल, हें त्याला ठाऊक नव्हतें काय?

कष्टकऱ्याची स्तुति करणें सोपें, त्याला बोलूं देणें अवघड. शिक्षकबंधूंनो, हा भाग शिकवाल तेव्हां हंसून पान उलटूं नका. ‘नांगऱ्यानें कोणती गोष्ट सांगितली असती?’ असें मुलांना विचारा. शेतकऱ्याचें पोर उत्तर देईल. तें नीट ऐकून घ्या!