सीताशेतीचा हिशेब कोण लिहिणार?

उन्हाळा लागला की कोरडवाहू घरातली भाजी संपते. ताटात रोज भाकरी आणि पिठले, नाहीतर चटणी. मग शहाण्यांचा सल्ला येतो : बायकांनी परसबाग करावी, बाजाराचा खर्च वाचेल. सल्ल्यात एक गोष्ट धरलेली नसते. पाणी कोण आणणार?

हिशेब करू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. रोज ५ मिलिमीटर पाणी धरले, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गरज याहून जास्तच असते, तरी दिवसाला ५०० लिटर झाले. १५ लिटरच्या घागरीने ३३ खेपा! कापसाच्या उत्पादनखर्चात घरच्यांची मजुरी धरा म्हणून आपण सरकारशी भांडतो. तीच मजुरी आपल्या घरात मात्र कोणी धरत नाही.

भाजी लावूच नये, असे आमचे म्हणणे नाही. लावा, पण पाण्याच्या मापाने. पाव गुंठा पुरे. न्हाणीचे पाणी तिकडे वळवले तर खेपा आणखी कमी होतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत गवार, चवळी, भेंडी लावावी. ती ऊन सोसतात. टोमॅटोची फुले कडक उन्हात गळतात, त्याच्या नादी लागू नये. दोडक्या-कारल्याच्या वेलाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. पाणी मुळाशी झिरपत राहते. मांडवाला तुराट्या घ्याव्या, पऱ्हाट्या नकोत. पऱ्हाटीवरच्या वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त बसते आणि पुढच्या कापसावर येते.

गवार आली की एकदम येते. जुलै २०१६ पासून राज्यात भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक आहे. जुहूच्या गिऱ्हाइकाला थेट विकायला कायद्याची आडकाठी नाही. पण वर्ध्याहून दोन टोपल्या गवार जुहूला नेऊन भाडे तरी सुटेल का? त्यापेक्षा शेंगांच्या शिरा काढून, मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून त्या वाळवाव्या. जूनमध्ये पेरणीच्या घाईत, बाजारात जायला सवड नसते तेव्हा, त्या भिजवून शेंगदाण्याच्या कुटात शिजवल्या की भाकरीला कालवण झाले. काकडी, कोहळा किसून डाळीत घातला की सांडगे होतात. आपल्या आयाबहिणींना हे शिकवावे लागत नाही. लिहून ठेवावे लागते, ते या कामाचे मोल.

चांदवडला १९८६ साली बायकांच्या अधिवेशनात हाच प्रश्न उभा राहिला होता. पुढे लक्ष्मीमुक्तीत हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी सीताशेती आणि माजघरशेती मांडली ती या पायावर : तुकडा तिचा, त्यात काय पेरायचे हा निर्णय तिचा, माजघरात होणारा मालही तिचा. आज नाव राहिले, पाया विसरला. तुकडा तिच्या नावे नसेल तर ती सीताशेती नव्हे, बिनपगारी वेठ आहे.

म्हणून या बैठकीत प्रत्येक कार्यकर्त्याने दोन गोष्टी कबूल कराव्यात. सातबारावर घरधनिणीचे नाव चढवायचे. आणि घरात एक वही ठेवायची : किती खेपा पाणी, किती तास काम, किती भाजी निघाली, बाजारात तिला काय पडले असते. वही तिने लिहावी. लिहिता येत नसेल तर तिच्या तोंडून मुलांनी लिहावी. मजुरी धरून हिशेब तोट्यात निघाला तर पाव गुंठ्याचा अर्धा करावा, पण आकडा झाकू नये. घरातली मजुरी मोजायला शिकलो, तर सरकारकडे मजुरी मागताना आपला आवाज खणखणीत राहील.